किल्लारी ते कच्छ : मदत घेणारे हात मदत देणारे होतात तेव्हा



गावाकडे शेतीत 'सावड' नावाची एक पद्धत आहे. आज आमच्या घरची माणसं तुमच्या रानात कामाला येतात, चार दिवसांनी तुमच्या घरची माणसं आमच्या रानात येतात. पैशांचा व्यवहार नाही, कागदावर काही लिहिलेलं नाही. तरीही कुणाचं काम राहत नाही. अशीच दुसरी पद्धत म्हणजे 'इर्जिक'. एखाद्याकडे बैल नसतात, घरात आजारपण असतं आणि पेरणीची वेळ तर निघून चाललेली असते. मग गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरतात, एका दिवसात नांगरट उरकतात आणि त्याच्या घरी जेवून परत जातात.

आपल्या आजी-आजोबांना हे शब्द नक्की माहीत असतील. घरी गेल्यावर विचारून बघा.

आजचा पाठ आहे 'संकटकाळात समाजाला मदत'. या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की बहुतेक मुलं "आपण सर्वांनी संकटात एकमेकांना मदत केली पाहिजे" असं वाक्य लिहितात. वाक्य बरोबरच आहे. पण मदत म्हणजे नेमकं काय? ती कुणी करायची, कधी करायची, कशी करायची? आणि ज्याला मदत मिळाली त्याने पुढे काय करायचं? या प्रश्नांची उत्तरं आपण एका खऱ्या घटनेच्या आधाराने शोधणार आहोत. ती घटना म्हणजे आपल्याच मराठवाड्यातला किल्लारीचा भूकंप.

१. त्या पहाटे काय झालं?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी आले होते आणि गाढ झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, या परिसरातली गावंच्या गावं काही क्षणांत कोसळली. सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसं गेली. सुमारे १६ हजार लोक जखमी झाले. ५२ गावं अशी उद्ध्वस्त झाली की ती पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात अशा तीव्रतेचे भूकंप दरवर्षी होतात आणि सगळीकडे एवढी माणसं मरत नाहीत. मग इथेच इतकी हानी का झाली?

याचं उत्तर घरांच्या बांधणीत आहे. या भागातली घरं दगड-मातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, पण आत सिमेंट नाही, चुना नाही, नुसती माती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधून ठेवणारे लांब आडवे दगडही बहुतेक ठिकाणी नव्हते. वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे घर थंड राहतं म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक असंच बांधत आले. हादरा बसला तेव्हा भिंती फाकल्या आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. शिवाय हा भाग भूकंपाचा म्हणून ओळखलाच जात नव्हता, त्यामुळे तशी तयारी कुणाच्या मनातही नव्हती.

हा मुद्दा वहीत लिहून ठेवा : भूकंप निसर्ग घडवतो, पण हानी किती होईल हे आपण कसे राहतो, कसे बांधतो आणि किती तयार असतो यावर ठरतं. म्हणून संकट येण्याआधी केलेली तयारी हीसुद्धा समाजाला केलेली मदतच आहे.

२. पहिले हात शेजाऱ्यांचेच असतात

आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लष्कराच्या गाड्या, हेलिकॉप्टर आणि गणवेशातले जवान येतात. ते येतातच, आणि किल्लारीतही आले. पण बाहेरची मदत पोचायला वेळ लागतो. रस्ते खराब, फोन बंद, त्यात अंधार. त्या पहिल्या तासांत ढिगाऱ्याखालून माणसं काढली ती वाचलेल्या शेजाऱ्यांनी. हातात जे मिळालं ते घेऊन. कुणाकडे फावडं, कुणाकडे कुदळ, कुणाकडे नुसते दोन हात.

त्यानंतर लातूर, सोलापूर आणि आजूबाजूच्या गावांतून डॉक्टर आले, तरुण आले, जखमींना नेणाऱ्या गाड्या आल्या. पुढच्या दिवसांत पाऊस लागला आणि चिखलात काम आणखी अवघड झालं. तरी लोक थांबले नाहीत.

जगात कुठलीही मोठी आपत्ती घ्या, हेच दिसतं. जीव वाचवण्याचं सुरुवातीचं काम शेजारी, गल्लीतले लोक, गावातली पोरं करतात. म्हणून प्रथमोपचार शिकणं, शेजारच्या घरात कोण म्हातारं माणूस एकटं राहतं हे माहीत असणं, कुणाला चालता येत नाही हे ठाऊक असणं, या गोष्टी किरकोळ नाहीत. एखाद्या पहाटे त्यावरच कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

३. मदतीचा पूर आणि खरी गरज

मोठी आपत्ती आली की लोकांची मनं हेलावतात. ट्रक भरभरून सामान येतं. ही आपल्या समाजाची फार चांगली बाजू आहे. पण एक अडचण दर वेळी दिसते. सगळे एकाच वेळी, एकाच प्रकारची मदत पाठवतात. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडतात आणि औषधं, कंदील, ताडपत्री, पाण्याची भांडी मात्र कमी पडतात. हमरस्त्यावरच्या गावाला दहा ट्रक मिळतात आणि आतल्या वस्तीला एकही नाही.

पाठवणाऱ्याची भावना खोटी नसते. पण "माझ्याकडे काय जास्त आहे?" असा विचार झालेला असतो, "त्यांना काय हवं आहे?" हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

गरज काळानुसार बदलते, हेही लक्षात घ्या :

- पहिले तीन दिवस : सुटका, प्रथमोपचार, पिण्याचं पाणी, तयार अन्न, डोक्यावर काहीतरी छप्पर.
- पहिला महिना : औषधं, साथीचे रोग टाळण्यासाठी स्वच्छता, कोरडा शिधा, सॅनिटरी पॅड, जनावरांना चारा, हरवलेली कागदपत्रं.
- पहिलं वर्ष : पक्का निवारा, रोजगार, बी-बियाणं, मुलांची शाळा, मनाला आधार.
- त्यानंतरची वर्षं : टिकाऊ घरं, कर्जातून सुटका, नव्या गावात पुन्हा गावपण येणं.

टीव्हीचे कॅमेरे पहिल्या आठवड्यात असतात. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात कुणी नसतं. खरं म्हणजे त्या वेळी माणूस जास्त एकटा असतो. म्हणून ज्याला मदत करायची आहे, त्याने सहा महिन्यांनी गेलं तरी उशीर झालेला नसतो.

४. घर मिळालं, आणि गाव?

किल्लारीनंतर महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. अनेक सामाजिक संस्था, उद्योग, देशातले आणि परदेशातले देणगीदार त्यात सहभागी झाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी बांधण्यात आली. कमी नुकसान झालेल्या शेकडो गावांत जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. अशा घरांची संख्या सुमारे दोन लाख होती.

नवी गावं सरळ रेषेत आखलेली होती. रुंद रस्ते, एकसारखी घरं. सुरक्षित होती, यात शंका नाही. पण जुन्या गावात दारात बसलं की चार माणसं भेटायची. गल्ली अरुंद होती, पण शेजार होता. काही ठिकाणी नवं गाव शेतापासून लांब गेलं. जनावरं बांधायची कुठे, कडबा ठेवायचा कुठे, असे प्रश्न उभे राहिले. म्हणजे घर बांधणं सोपं असतं, गाव उभं करणं अवघड असतं.

ज्या गावांत दुरुस्तीचं काम होतं, तिथे सरकारने वेगळी वाट धरली. घरमालकाला अनुदान टप्प्याटप्प्याने बँक खात्यात मिळायचं आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचं. पण अनुदान कसं मिळतं, भूकंपात टिकणारं घर कसं असतं, हे गावात समजावणार कोण? त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून निवडण्यात आलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने या कामाची बांधणी केली.

विचार करा, ज्या बायका तोपर्यंत ग्रामपंचायतीची पायरीही चढल्या नव्हत्या, त्या आता गवंड्याला विचारू लागल्या : भिंतीत आडवे दगड घातले का? कोपरे नीट बांधले का? सिमेंटवर पाणी मारलं का? मदत घेणारी माणसं नुसती रांगेत उभी न राहता कामाची मालक झाली, की काय होतं याचं हे उत्तम उदाहरण आहे.

५. मुलांचं काय?

भूकंपात अनेक मुलांचं छत्र हरपलं. काहींचे आईवडील वाचले, पण शिकवण्याची ऐपत राहिली नाही. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोली इथलं शैक्षणिक संकुल त्यातूनच उभं राहिलं. पुढे त्याच संकुलात मेळघाटातली आदिवासी मुलं आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही शिकली.

पुण्याच्याच ज्ञान प्रबोधिनीने वेगळा मार्ग घेतला. त्यांनी भूकंपग्रस्त भागात, हराळी या गावी जाऊन शाळा उभी केली. एका संस्थेने मुलांना शहरात आणलं, दुसरीने शाळा गावाकडे नेली. दोन्ही मार्ग योग्य होते, कारण दोघांनीही काम अर्ध्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं टिकलेली मदत ती ही.

६. लातूरच्या बायका कच्छला जातात

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

२६ जानेवारी २००१. सकाळी प्रजासत्ताक दिनाचे कार्यक्रम सुरू असताना गुजरातमध्ये कच्छला मोठा भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार ही शहरं आणि शेकडो गावं कोसळली. सरकारी आकड्यांनुसार तेरा हजारांहून अधिक लोक गेले.

त्या वेळी मराठवाड्यातल्या या महिला मंडळांच्या काही बायका कच्छला गेल्या. मोठी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. ट्रकभर सामानही नव्हतं. गुजराती भाषा धड येत नव्हती. मग त्यांनी काय नेलं?

त्यांनी अनुभव नेला. आमचंही घर असंच पडलं होतं, आमचीही माणसं गेली होती, आणि आम्ही पुन्हा उभ्या राहिलो, हे सांगायला त्या गेल्या होत्या. सरकारी मदतीची माहिती कशी काढायची, बायकांनी गट कसा करायचा, बांधकामावर लक्ष कसं ठेवायचं, हे त्यांनी कच्छच्या बायकांना सांगितलं. एखाद्या तज्ज्ञाचं भाषण ऐकताना जी खात्री वाटत नाही, ती अशा बाईचं बोलणं ऐकताना वाटते. कारण तिने ते भोगलेलं असतं.

पुढे २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. तेव्हा महाराष्ट्राबरोबर गुजरातच्या बायकाही तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. ज्यांना तीन-चार वर्षांपूर्वी आधार मिळाला होता, त्याच आता आधार द्यायला निघाल्या होत्या.

वर्गात इथे एक प्रश्न हमखास येतो : "लातूरला मदत तर पुण्या-मुंबईने केली. मग परतफेड कच्छला कशी?"

प्रश्न चांगला आहे. सावड आठवा. सावडीत तुम्ही ज्याच्या शेतात राबता, तोच तुमच्या शेतात येतो. पण आपत्तीतली सावड लांब पल्ल्याची असते. मदत करणाऱ्याला तुमच्या परतफेडीची गरज बहुधा पडत नाही, आणि पडूही नये. ती परतफेड पुढच्या गरजवंताकडे जाते. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. या बायकांनी तिच्या अगदी उलट करून दाखवलं.

७. एक जुना दाखला

ही गोष्ट नवी नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या मदतीने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, हे तुम्ही वाचलं असेल. पण त्यांच्या दत्तक मुलाकडे आपलं लक्ष फारसं जात नाही.

यशवंत हा एका विधवा आईचा मुलगा. समाजाने जिला दारात उभं केलं नसतं अशा त्या आईला फुले दांपत्याने आसरा दिला आणि मुलाला दत्तक घेतलं. तो शिकला, डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा त्याच यशवंताने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई रुग्णांना तिथे आणत असत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

ज्याला जन्मतःच आधाराची गरज होती, तो मोठेपणी शेकडो लोकांचा आधार झाला. फुले दांपत्याने त्याच्याकडे हिशोब मागितला नव्हता. त्याने तो समाजाकडे चुकता केला.

८. आपण काय करू शकतो?

"सर, आम्ही लहान आहोत, आम्ही काय करणार?" असं म्हणू नका. खारीचा वाटा छोटा असला तरी तो वाटाच असतो. मात्र तो समजून उचलला पाहिजे.

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. मदतीच्या कामातही शिस्त, साधनं आणि प्रशिक्षण लागतं, हे त्या दुर्घटनेने शिकवलं. म्हणून पहिला नियम : पुराच्या पाण्यात, पडक्या इमारतीत, आगीत स्वतः उडी घ्यायची नाही. मोठ्यांना आणि यंत्रणेला कळवायचं. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक पाठ असू द्या.

तुम्हाला जमण्यासारखी कामं पुष्कळ आहेत :

१. सामान गोळा करण्याआधी त्या गावातल्या शाळेला, ग्रामपंचायतीला किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेला फोन करून यादी मागा.
२. कपडे द्यायचे असतील तर धुतलेले, न फाटलेले, घड्या घातलेले द्या. मापाप्रमाणे वेगळे गठ्ठे करा आणि वर चिठ्ठी लावा. जे आपण स्वतः घालणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.
३. वह्या, पुस्तकं, दप्तरं ही मुलांनी मुलांसाठी केलेली मदत. पूर ओसरल्यावर शाळेतला चिखल काढायला हात लागतात, हेही विसरू नका.
४. निधी जमवलात तर एक-एक रुपयाची नोंद ठेवा आणि ती फलकावर लावा. हिशोब उघडा असला की पुढच्या वेळी लोक अधिक विश्वासाने देतात.
५. व्हॉट्सॲपवर आलेला संदेश खरा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. "धरण फुटलं" अशा एका अफवेने माणसं सैरावैरा पळतात. अफवा थांबवणं हीसुद्धा मदतच आहे.

९. मान राखून मदत

शेवटचा मुद्दा नीट वाचा. काल-परवापर्यंत ज्याच्या घरातून कुणी उपाशी गेलं नाही, तो माणूस आज रांगेत ताट घेऊन उभा असतो. त्याच्या मनात काय चालू असेल? अशा वेळी त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन फोटो काढणं ही मदत आहे का?

इर्जिकीत काम झाल्यावर ज्याच्या शेतात काम झालं, त्याच्या घरी सगळे जेवायला बसतात. त्याची ऐपत कमी असेल, पण यजमान तोच असतो. त्याला देण्याची एक संधी मिळते आणि त्याची मान ताठ राहते. आपल्या जुन्या माणसांना हे शहाणपण होतं. मदत घेणाऱ्यालाही काहीतरी देता आलं पाहिजे. कुणी चहा पुढे केला तर तो प्या. कुणी आपली गोष्ट सांगितली तर ती ऐका. कुणी कामाला हात लावतो म्हणाला तर त्याला काम द्या. आज त्याला नुसतं घेणारा करून ठेवलं, तर उद्या तो देणारा कसा होईल?

स्वाध्याय

थोडक्यात उत्तरे लिहा.
१. किल्लारी परिसरात एवढी मोठी हानी होण्याची कारणे लिहा.
२. 'संवाद सहायक' महिलांचे काम कोणते होते?
३. आपत्तीनंतर गरजा कशा बदलत जातात, ते टप्प्यांनुसार सांगा.

तुमचे मत लिहा.
१. मुलांना शहरात आणून शिकवणे आणि त्यांच्या गावात शाळा उभी करणे, यांतला कोणता मार्ग तुम्हाला अधिक योग्य वाटतो? का?
२. 'ज्याने मदत केली त्यालाच परतफेड केली पाहिजे.' हे विधान तुम्हाला पटते का?

शब्दार्थ
सावड – शेतीकामात आळीपाळीने एकमेकांना केलेली मदत
इर्जिक – अडलेल्या शेतकऱ्याच्या शेतात गावाने मिळून केलेले काम
माळवद – लाकूड व माती यांचे सपाट छत
शिधा – स्वयंपाकासाठी लागणारे कोरडे धान्य व सामान

उपक्रम
आपल्या गावात किंवा गल्लीत आलेल्या एका संकटाची माहिती घरातल्या ज्येष्ठांकडून मिळवा. दुष्काळ, पूर, आग, करोना, काहीही चालेल. त्या वेळी आपल्या लोकांना कुणी मदत केली, हे लिहा. मग शेवटी एक ओळ लिहा : ही मदत आता आपण कुणापर्यंत पोचवू शकतो? पुढच्या शनिवारी वर्गात आपण या ओळी वाचणार आहोत आणि त्यातली एक प्रत्यक्षात करायला घेणार आहोत.